माहेराचा रकाना

मोहाडीच्या बसस्टँडसमोर प्रफुल्लचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे प्रवेश, रेशनकार्डातली नावं, असल्या कामांत त्याचा दिवस जायचा. माणूस चौतिशीचा, बी.कॉम. झालेला, घरी बायको रिता आणि तिसरीत शिकणारी मुलगी तृप्ती. बारा वर्षं अर्ज भरून भरून त्याला एक खोड लागली होती. लाल चांदणीचा, म्हणजे भरायलाच हवा असा, रकाना रिकामा राहिला की त्याला चैन पडत नसे. रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही, असं तो लोकांना सांगायचा. खरं तर तो स्वतःच पुढं सरकू शकत नसे.

हा झाला त्याचा पोटाचा धंदा. घराण्याचा धंदा वेगळा होता. प्रफुल्लचं घर भाटांचं. भाट म्हणजे लोकांच्या वंशावळी सांभाळणारा. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या साठ-सत्तर गावांची कुळं त्यांच्या पोथ्यांत लिहिलेली होती. धानाची कापणी-मळणी उरकली, की भाटानं पोथ्या लाल फडक्यात बांधून निघायचं. एकेका अंगणात बसून मूळपुरुषापासून आजच्या लेकरापर्यंत नावं वाचून दाखवायची, आणि मधल्या काळातले जन्म, लग्नं, मरणं चढवायची. अकरा पिढ्या हे चाललेलं होतं. वडील भैय्याजी मागच्या दिवाळीत गेले, महिन्याभरात आईही गेली, आणि पोथ्या प्रफुल्लच्या गळ्यात पडल्या.

भैय्याजी शेवटची तीन वर्षं अंथरुणावरच होते. एकदा त्यांनी प्रफुल्लला जवळ बोलावून सांगितलं होतं, की पोथीत एखादा रकाना रिकामा ठेवायची पाळी आली तर मुकाट्यानं ठेवायचा, शेजारी एक ठिपका द्यायचा आणि पुढच्या गावाला लागायचं. म्हाताऱ्याचं डोकं चळलं असं वाटून प्रफुल्लनं नुसतं बरं म्हटलं होतं.

पोथ्या हातात आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते त्याला शोभणारंच. रोज दुपारी पानामागून पान मोबाईलवर टिपायचं आणि कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. पुरुषाचं नाव, बायकोचं माहेर, मुलं, मृत्यू. जुन्या पोथ्यांत बायकांची नावं नसतातच. ‘आंधळगावची’, ‘बपेऱ्याची’, एवढीच बाईची ओळख. बाई म्हणजे तिचं माहेर. अलीकडची तीस-चाळीस वर्षं तेवढी नावं लिहायला लागले होते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो मोटारसायकलवर पोथ्या बांधून फेरीला निघाला. तुमसरच्या पुढं, बपेऱ्याहून आत चार किलोमीटरवर चिचटोला नावाची पस्तीस घरांची वस्ती आहे, तिथं तो सकाळी दहाच्या सुमाराला पोचला. धान निघून गेलेल्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, लाखोरीची डाळ निळ्या फुलांवर आली होती. थंडी होती, पण ऊन चांगलं होतं. घराघरापुढं धानाच्या तणसाचे ढीग लागले होते आणि सगळ्या वस्तीला उकडलेल्या धानाचा जडसर वास होता.

उतरायचं होतं तुलारामकडं. हे जुन्या यजमानांचं घर. तुलाराम चाळिशीचा, कमी बोलणारा शेतकरी. त्याची आई कौशल्याबाई सत्तरीची, पण काठीविना चालणारी. प्रफुल्लला सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाट टाकून दिली. आतून चहा आला. कपबशी देणारा हात दिसला, चेहरा दिसला नाही. पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला होता.

दुपारी अंगणात सतरंजी घालून पोथी उघडली. शेजारपाजारचे सात-आठजण येऊन बसले. तुलारामची सात वर्षांची मुलगी मोनू प्रफुल्लला चिकटूनच बसली. तिला एकच गोष्ट कळून घ्यायची होती: या पुस्तकात आपली आई आहे का?

मोनूची आई दीपमाला दोन वर्षांपूर्वी वारली होती. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. वर्ष झाल्यावर तुलारामनं दुसरं लग्न केलं. मागच्या पावसाळ्यात मोनूचा मोठा भाऊ प्रविण, दहा वर्षांचा पोरगा, गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, बुडून गेला. गुडघाभर पाण्यात. हे सगळं तुलारामनं खाली पाहत, एका दमात सांगितलं, आणि प्रफुल्लनं एकेक ओळ चढवली. मोनूला तिच्या आईचं नाव बोट ठेवून दाखवलं. तिनं ते बोटानं दोनदा पुसून पाहिलं. जात नाही हे पाहून तिला बरं वाटलं.

मग वाचन सुरू झालं. घरात मुसळाचा आवाज चालला होता, एका लयीत. प्रफुल्ल मूळपुरुषापासून खाली उतरत होता. सहाव्या पिढीवर एक नाव शाईच्या डागाखाली गेलं होतं. त्यानं पान उन्हाकडं धरलं आणि अंदाजानं ‘आसाराम’ असं वाचलं.

मुसळ थांबलं.

“आसाराम नव्हे,” दाराआडून बाईचा आवाज आला. “आत्माराम. बोलताना अडखळे तो.”

कोणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, तुलाराम, तुझ्या बायकोले तर भाटापेक्षा जास्त ठावं आहे बाप्पा. मुसळ पुन्हा सुरू झालं. प्रफुल्लनं पान अजून तिरपं केलं. डागाखाली, नीट पाहिल्यावर, ‘त्मा’ दिसत होता. आत्मारामचा मृत्यू शके १७५२ चा, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा होता.

ऐकीव असेल, त्यानं मनाशी म्हटलं. अशा घरांत जुन्या गोष्टी चालत राहतात.

शेवटी दुसऱ्या लग्नाची नोंद करायची राहिली. नाव चंदा. माहेर? तुलाराम गोंधळला. बालाघाटकडची आहे म्हणाला. मध्यस्थानं जमवलं होतं, तिच्याकडचं कोणी उरलेलंच नव्हतं, तिलाच विचारा. प्रफुल्लनं पेन उघडं ठेवून दाराकडं तोंड करून विचारलं, बाई, माहेरचं गाव कोणतं?

मग आवाज आला, अगदी दाराच्या फळीमागून, हळू आणि समजुतीचा.

“जागा खालीच राहू द्या, कोरी. तुमच्या बानं बी खालीच ठेवली होती.”

लोकांना त्यात काही वाटलं नाही. पान खाऊन ते उठून गेले. प्रफुल्ल मात्र पेनचं टोपण शोधत बसून राहिला. तुलारामचं हे लग्न वर्षभरापूर्वीचं. भैय्याजी चिचटोल्याला आले त्याला नऊ वर्षं होऊन गेली होती.

ऊन कलायच्या आत त्यानं सपरीत लॅपटॉप उघडला. घाबरला नव्हता अजून. एखादा अर्ज परत आल्यावर चूक कुठं आहे हे शोधावं, तेवढंच त्याच्या मनात होतं. माहेराचा रकाना त्यानं अक्षरक्रमानं लावला, रिकाम्या जागा सगळ्यांत वर येतील असा.

नऊ जागा वर आल्या.

त्यानं एकेक पान पोथीत काढून पाहिलं. नऊ वेगळी गावं, नऊ वेगळी कुळं, पावणेतीनशे वर्षांत विखुरलेली. प्रत्येक ठिकाणी मजकूर जवळजवळ तोच. पहिली बायको अमक्या गावची, गेली. दुसरी, आणि पुढं कोरी जागा. जागेच्या शेजारी काजळीच्या शाईचा एक बारीक ठिपका. मग पहिलीच्या मुलांची नावं, आणि प्रत्येक नावापुढं ‘राहिला नाही’, ‘राहिली नाही’. कुठं तीन मुलं, कुठं पाच. एका ठिकाणी सात. दुसरीला मूल कुठंच नाही. शेवटी ओळ: पुढे वंश नाही.

आठ नोंदी पूर्वजांच्या वळणदार अक्षरांतल्या होत्या. नववी निळ्या बॉलपेननं लिहिलेली होती, आणि बाबांचं ते अक्षर त्यानं झोपेतही ओळखलं असतं. नदीपलीकडचं गाव, साल दोन हजार एक. ठिपकाही निळाच होता.

दोन हजार एक साली प्रफुल्ल दहा-अकरा वर्षांचा होता. एका फेरीहून बाबा आले आणि दिवसभर जेवले नाहीत, संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन बसले. एवढ्या मोठ्या पोराला मांडीवर कशाला घेता म्हणून आई हसली होती. तो प्रसंग त्याला आजवर मायेचा वाटत आला होता.

सर्वांत जुनी पोथी त्यानं शेवटी उघडली. तिची पानं त्यानं अजून उतरवली नव्हती. अक्षर जुनं, भाषा अर्धी हिंदी. ओळी लावत लावत वाचायला त्याला तासभर लागला. तिथं एका बाईचं नाव होतं. साऱ्या पोथीत नाव लिहिलेली तेवढी एकच बाई. सगुणा, सावरगोंदीची. नवऱ्याची दुसरी. सवतीची पाच लेकरं हिनं एकेक करून विहिरीत घातली, आणि शोक केला. पाचव्याच्या वेळी दिसली. पंचांनी हिच्या दोन्ही कानांच्या पाळ्या छाटल्या, त्याच विहिरीत लोटली आणि वर दगड भरले. पुढं भाटानं स्वतःचं एक वाक्य लिहिलं होतं, ते मोठ्या अक्षरात होतं. हिचे मरण आम्ही लिहिणार नाही. हिला कोणी पाणी देऊ नये.

खरंच मरण लिहिलेलं नव्हतं. त्या पोथीत गेलेल्या प्रत्येक माणसापुढं तिथी होती. तिच्यापुढं नव्हती.

प्रफुल्ल पोथी मिटणार होता. का कोण जाणे, त्यानं स्वतःच्या घराण्याचं पान काढलं. ते त्याला पाठ होतं. लहानपणी बाबांनी रोज म्हणून घेतलं होतं. आज त्यानं ते पहिल्यांदा वाचलं. अकरा पिढ्या. देवीची साथ आली, पटकी आली, एन्फ्लुएन्झाच्या साली तर एकेका पानावर वीस-वीस मरणं चढली. बाकी सगळ्या कुळांत लहान लेकरांची नावं पाण्यासारखी वाहून गेलेली. भाटांच्या पानावर एकही लेकरू गेलेलं नव्हतं. एकही बाई नवऱ्याआधी गेलेली नव्हती.

देवाची कृपा, असं आजी म्हणायची.

त्यानं पोथी मिटली. आपण काय वाचून राहिलो हे त्याला पुरतं कळलं होतं, आणि ते कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. आत चुलीपाशी चंदा मोनूला जेवू घालत होती. मऊ भातात दूध कालवून, एक घास चिऊचा करत. त्यानं आतून आलेलं ताट अर्धंच खाल्लं आणि डोकं दुखतं म्हणून खाटेवर पडून राहिला.

सकाळी तुलाराम लाखोरीच्या बांधीत लवकर गेला. मोनू वेण्या घालून, तेलानं चापूनचोपून, सपरीत आली. नवी आई रोज घालून देते म्हणाली. जुन्या आईपेक्षा छान घालते, ओढत नाही. मग प्रफुल्लच्या कानाजवळ तोंड आणून तिनं एक गंमत सांगितली. नवी आई झोपतानाही डोक्यावरचा पदर काढत नाही. एकदा तो निघाला होता तेव्हा मोनूनं पाहिलं. तिच्या कानाले खाली काहीच नाही. बाळ्या कुठं घालन ते?

प्रफुल्लनं तिला विचारलं, हे तू कोणाला सांगितलंस? तिनं फक्त प्रविणला सांगितलं होतं. त्यालाही पाहायचं होतं.

कौशल्याबाई गुरांच्या कोठ्यात शेण भरत होती. प्रफुल्ल तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. रात्रभर त्यानं वाक्यं जुळवली होती, पुरावे कसे मांडायचे ते ठरवलं होतं. त्यातलं काहीच त्याला बोलता आलं नाही. एवढंच म्हणाला, की मावशी, मोनूला आजच्या आज तिच्या मामाकडं घेऊन जा आणि परत आणू नका.

म्हातारीनं मान वर केली नाही. हातातली पाटी खाली ठेवली.

“पोथीत निघालं का काही?”

“हाव.”

“मले वाटूनच राहिलं होतं,” ती म्हणाली. “पोट्टा गुडघाभर पाण्यात जाते का? पन एवढी चांगली वागते ते. कोनाले सांगू?”

मोनूचा मामा अमर आंधळगावात कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणायचा. बपेऱ्याहून साडेबाराची बस होती. कौशल्याबाईनं सुनेला सांगितलं, अमरच्या घरी कार्यक्रम आहे, पोरीले दोन दिवस नेतो. चंदानं एक शब्द विचारला नाही. हाव, न्या ना, म्हणाली, आणि पोरीचे कपडे स्वतः घडी करून पिशवीत भरले. प्रफुल्लनं पोथ्या गाडीला बांधल्या. तुलारामला घडलं ते म्हातारीनं मागून सांगायचं, असं ठरलं.

दोघींना त्यानं एकेक करून गाडीवरून बपेऱ्याच्या फाट्यावर आणलं. निवाऱ्यात आणखी कोणी नव्हतं. रस्ता दोन्हीकडं दूरवर मोकळा होता. पलीकडं लाखोरीची बांधी, तिच्यापुढं नदीकडं उतरत गेलेली झाडी. प्रफुल्ल सारखा घड्याळ पाहत होता.

बारा वाजून वीस मिनिटांनी चंदा शेताच्या बांधावरून येताना दिसली.

चार किलोमीटर चालत आली होती, पण दमलेली नव्हती. हातात मोनूचा लाल स्वेटर होता. राहून गेला होता, थंडी आहे, म्हणाली. खाली बसून तिनं तो पोरीला घातला, एकेक गुंडी लावली. कौशल्याबाई पोरीचं मनगट सोडत नव्हती.

बस आली. म्हातारीनं मोनूला आधी चढवलं. मोनूनं खिडकीतून हात हलवला, आणि दोघांनाही टाटा केलं. प्रफुल्लला आणि नव्या आईला. बस वळणाआड गेली. डिझेलचा वास थोडा वेळ राहिला.

प्रफुल्लला गाडीला किक मारता आली असती. तो गाडीजवळच उभा राहिला.

“पोरीले काहून पाठवलं ते समजते मले,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “तुमच्या घरी मी कधी पाय नाही ठेवला. कधीच नाही. तुमच्या बाले ठावं होतं ते. त्याच्या बाले बी ठावं होतं.”

बोडीतला पोरगा प्रफुल्लच्या डोळ्यांपुढं आला, ज्याला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. मग निळ्या बॉलपेनचा ठिपका आला. आपण इथून तसेच गेलो, तर तृप्ती सुखरूप मोठी होईल, हे त्याला लख्ख कळत होतं. अकरा पिढ्यांना कळलं होतं तितकंच लख्ख.

त्यानं फडकं सोडलं. निवाऱ्याच्या सिमेंटच्या बाकावर पोथी उघडली. तुलारामचं पान काढलं. पहिलं अक्षर त्यानं दोनदा गिरवलं.

सगुणा, सावरगोंदीची.

ती जवळ येऊन वाकली. पदर खांद्यावर घसरला, आणि तिनं तो सावरला नाही. मोनूनं सांगितलं होतं तसंच होतं. जखम जुनी, गुळगुळीत, कडा आत वळलेल्या.

“वाचा,” ती म्हणाली. “मले येत नाही.”

त्यानं वाचलं.

तिनं डोळे मिटले. “अजून एक डाव.”

त्यानं पुन्हा वाचलं. बांधीतल्या चिमण्या उडाल्या, की आधीच गप्प झाल्या होत्या, हे त्याला नंतर आठवेना.

“अन् पुढचं?”

तिला काय विचारायचं होतं ते त्याला समजलं. नावापुढं तिथीची जागा होती. पेन उघडंच होतं. पण भाट जे घडलं ते लिहितो. न घडलेलं मरण लिहायचं तरी कसं? “मेल्याबिगर लिहीत नाही,” तो म्हणाला, आणि आपला आवाज त्याला परक्याचा वाटला.

ती हसली. अगदी साधं, घरच्या बाईसारखं.

“तुमच्यातले सगळे हेच म्हनतात.” तिनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला, हनुवटीपर्यंत. “तुमच्या लोकायनं जागा सोडून ठेवली होती, म्हनून मी तिथं राहिली. आता ते भरली. मंग दुसरी पाहा लागन.”

ती निघाली. वस्तीकडं नाही, नदीकडं. लाखोरीच्या निळ्या फुलांतून ती बराच वेळ दिसत राहिली. मग झाडी लागली.

तुलारामचा फोन दुसऱ्या दिवशी आला. बायको परत आलीच नव्हती. लुगडी, चपला, सगळं घरात होतं. पोलिसांत कळवलं, नदीकाठ पाहिला. मग आईनं त्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, मोनूला तिकडंच राहू द्या. फेब्रुवारीत प्रफुल्लनंच मोनूचा आंधळगावच्या शाळेतला प्रवेशअर्ज भरला. पोरीनं अंग धरलं होतं. मामीच्या मागं मागं फिरत होती.

उरलेली फेरी त्यानं केली नाही. पोथ्या कपाटात ठेवल्या. पहिले काही दिवस तो तृप्तीला शाळेत स्वतः सोडायला आणि आणायला जायचा, विहिरीच्या बाजूचा रस्ता टाळायचा. रितानं विचारलं तर काम कमी आहे म्हणायचा. रिताला त्यानं काही सांगितलं नाही. सांगायचं ठरवून दोनदा स्वयंपाकघरापर्यंत गेला होता. फेब्रुवारी गेला, होळी गेली, मोहफुलं पडायला लागली. कुठं काही झालं नाही. दिवस तापू लागले तसं त्याला वाटू लागलं, की जे लिहायचं होतं ते लिहून झालं, आणि म्हणूनच ते संपलं. मोकळ्या झाल्यासारखा तो दुपारचं जेवायला पुन्हा घरी यायला लागला.

त्या दिवशी तृप्तीला सुट्टी होती. ती पुढच्या खोलीत चित्र रंगवत बसली होती. रितानं ताट वाढलं. वांग्याची भाजी, भात, पोळी. पोळ्या लाटता लाटता ती सकाळची गंमत सांगत होती. अकराच्या सुमाराला एक बाई दाराशी आली होती. पाणी मागितलं. बरी होती दिसायला, रितापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. उन्हाचा हा एवढा पदर तोंडावर ओढलेला. पाणी प्यायली आणि उंबऱ्यातच बसली. घर पाहिलं, तृप्तीला कितवीत आहेस म्हणून विचारलं, तिचे केस छान आहेत म्हणाली.

“मंग विचारते कशी, बाई, या घरी लग्नाचं कोनी आहे का म्हने.” रिताला पुन्हा हसू आलं. “मी म्हटलं, एकच मानूस आहे घरात, अन् त्याची बायको तुमच्यासमोर उभी आहे.”

प्रफुल्लचा हात ताटात थांबला. पंखा फिरत होता. पुढच्या खोलीत रंगपेटीचं झाकण पडल्याचा आवाज झाला.

“मंग?”

“मंग काय, ते बी हासली.” रितानं पोळी उलटली. “म्हने, हाव बाई. आता तं आहेस.”